मंडळीवांचून प्रवचन

१९२३ सालच्या एप्रिल महिन्यांत इंग्लंडच्या राजाचे दुसरे चिरंजीव ड्यूक ऑफ यॉर्क यांचें लग्न लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें व्हावयाचें होतें. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन होऊन तेव्हां पुरें वर्षहि झालें नव्हतें. हा विवाहविधि रेडिओवरून साऱ्या देशाला ऐकवावा म्हणून कंपनीनें परवानगी मागितली, आणि ॲबीच्या धर्ममंडळानें ती नाकारली. नकाराचें जें कारण पुढें प्रसिद्ध झालें तें मोठें मासलेवाईक आहे. एखादा मनुष्य हा पवित्र विधि दारूच्या गुत्त्यांत बसून ऐकेल, आणि ऐकतांना डोक्यावरची टोपीहि काढणार नाहीं, अशी त्या वडीलधाऱ्यांना भीति वाटली.

त्यानंतर ९७ वर्षांनीं, १२ एप्रिल २०२० रोजीं, त्याच लंडन शहरांत कँटरबरीच्या आर्चबिशपांनीं ईस्टरची उपासना आपल्या घरच्या स्वयंपाकघरांतून चालविली. ती इंटरनेटवरून व रेडिओवरून ऐकणारे लोक कोठें बसले आहेत आणि त्यांच्या डोक्यावर काय आहे, याची विचारपूस कोणीं केली नाहीं.

या दोन प्रसंगांच्या मधल्या काळांत ख्रिस्ती धर्मसंस्थेनें एकामागून एक नवीं यंत्रें हातीं घेतलीं, आणि बहुतेक वेळां हेतु एकच सांगितला: जे चर्चची पायरी चढत नाहींत, विशेषतः ज्या तरुणांनीं ती चढण्याचें सोडून दिलें आहे, त्यांच्यापर्यंत आपला शब्द पोंचावा. शब्द पोंचला, यांत संशय नाहीं. परंतु ख्रिस्ती उपासनेंत दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक शब्द, म्हणजे शास्त्राचें वाचन व त्यावरील प्रवचन. दुसरी पंगत, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस, जीं एके ठिकाणीं जमलेल्या लोकांनींच घ्यावयाचीं असतात. मराठी ख्रिस्ती लोक इमारतीला चर्च किंवा देऊळ म्हणतात, आणि तेथें जमणाऱ्या माणसांना मंडळी म्हणतात. हा भेद फार उपयोगाचा आहे. विजेच्या लहरीवरून शब्द जातो. भाकर जात नाहीं. मंडळी जाते कीं नाहीं, हाच या शंभर वर्षांतला खरा वाद आहे.

आरंभ अमेरिकेंत झाला. पिट्सबर्ग शहरीं के. डी. के. ए. हें केंद्र १९२० च्या नोव्हेंबरांत सुरू झालें, आणि दोनच महिन्यांनीं, २ जानेवारी १९२१ च्या रविवारीं, तेथील कॅल्व्हरी चर्चमधील सायंउपासना त्यानें ध्वनिक्षेपित केली. त्या दिवशीं प्रवचन केलें तें मुख्य धर्मगुरूंनीं नव्हे, तर लुइस व्हिटमोर नांवाच्या त्यांच्या कनिष्ठ साहाय्यकानें. यंत्र सांभाळण्यास आलेल्या दोघां तंत्रज्ञांमुळें भक्तांचें लक्ष विचलित होऊं नये म्हणून त्यांना गायकवृंदाचे झगे चढविण्यांत आले. त्यांपैकीं एक कॅथलिक होता व दुसरा यहुदी, असें सांगतात. नव्या विद्येला झगा घालून आंत घेण्याची ही रीति पुढें पुष्कळ वर्षें टिकली.

इंग्लंडांत मात्र ज्या माणसानें दार उघडलें त्याला झग्याची फारशी पर्वा नव्हती. ट्रॅफल्गार चौकाच्या कडेला सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हें चर्च आहे. तेथील धर्मगुरु डिक शेपर्ड यांनीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत चर्चचें तळघर रात्रभर उघडें ठेवण्यास सुरुवात केली होती; आघाडीवरून परतणारे शिपाई व बेघर माणसें तेथें निजत. ६ जानेवारी १९२४ रोजीं बी. बी. सी. नें याच चर्चमधून पहिली संपूर्ण उपासना ध्वनिक्षेपित केली. शेपर्ड यांचें बोलणें साधें होतें. आपण व्यासपीठावरून खालीं पाहून बोलत आहों असें ऐकणाऱ्याला वाटत नसे. आपल्याच खोलींत खुर्चीवर बसलेला कोणी बोलतो आहे असें वाटे. त्यांच्याकडे पत्रांचा पाऊस पडला. त्यांत आजारी होते, एकटे राहणारे होते, आणि लहानपणींच चर्चशीं संबंध तुटलेले पुष्कळजण होते. बी. बी. सी. चे सूत्रधार जॉन रीथ हे स्वतः स्कॉटलंडमधील एका धर्मोपदेशकाचे पुत्र. त्यांना ही गोष्ट मानवली. पुढें एका श्रोत्या बाईनें नेटानें पाठपुरावा केल्यावर २ जानेवारी १९२८ पासून रेडिओवर रोजची प्रार्थना सुरू झाली, ती दशकानुदशकें चालू राहिली. धर्माचा एवढा दीर्घायुषी कार्यक्रम कोणा बिशपच्या नव्हे, एका श्रोत्या बाईच्या हट्टांतून निघाला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

१२ फेब्रुवारी १९३१ रोजीं खुद्द मार्कोनीनें उभारून दिलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून पोप अकरावे पायस लॅटिन भाषेंत बोलले. तो प्रसंग भव्य होता. पण लॅटिनमधून तरुणांशीं संवाद होणार नव्हता, आणि तसा कोणाचा उद्देशहि नव्हता.

याच सुमारास अमेरिकेंत जें घडत होतें त्याकडे मात्र थोडें थांबून पाहिलें पाहिजे. मिशिगन राज्यांतील रॉयल ओक या गांवीं फादर चार्ल्स कॉफलिन नांवाचा एक कॅथलिक धर्मगुरु होता. त्याची मंडळी लहान, चर्चवर कर्ज, आणि चर्चच्या अंगणांत क्लू क्लक्स क्लॅनच्या लोकांनीं क्रूस जाळला असें तो पुढें सांगत असे. १९२६ च्या शरद ऋतूंत त्यानें डेट्रॉइटच्या केंद्रावरून बोलण्यास सुरुवात केली, ती मुलांसाठीं. धर्माची बाराखडी मुलांना सोप्या रीतीनें समजावून सांगावी, एवढाच तो उपक्रम होता. आवाज गोड व भारदस्त होता. हळूहळू मुलांच्या जागीं मोठीं माणसें ऐकूं लागलीं. मग मंदी आली, बेकारी आली, आणि कॉफलिनच्या बोलण्यांत बाराखडी मागें पडून सराफ, सावकार व सरकार आले. १९३० नंतर त्याचा आवाज देशभर जाऊं लागला, आणि कोट्यवधि लोक रविवारीं दुपारीं त्याच्यासाठीं रेडिओ लावूं लागले. टपालानें येणारीं पत्रें व पैसे मोजण्यासाठीं कारकुनांची फौज ठेवावी लागली.

आणि मग तो यहुद्यांच्या विरुद्ध बोलूं लागला. १९३८ च्या नोव्हेंबरांत जर्मनींत यहुद्यांचीं प्रार्थनास्थळें व दुकानें जाळलीं गेलीं; त्यानंतर थोड्याच दिवसांत कॉफलिननें आपल्या भाषणांत त्या अत्याचारांची भलावण होईल अशी मांडणी केली. न्यूयॉर्कच्या एका केंद्रानें त्याचीं भाषणें घेण्याचें नाकारलें. त्याचे पहिले बिशप त्याला पाठीशीं घालीत आले होते. नवे आर्चबिशप मूनी यांनीं त्याला आळा घालण्याचा प्रयत्न केला. शेवटीं १९४२ मध्यें सरकारनें त्याचें साप्ताहिक टपालांतून बंद केलें, आणि मूनी यांनीं त्याला सार्वजनिक व्याप सोडून आपल्या पॅरिशपुरतें काम करण्याची आज्ञा दिली. त्यानें ती मुकाट्यानें पाळली. १९६६ पर्यंत तो त्याच चर्चमध्यें धर्मगुरु होता. बाप्तिस्मे देत होता, लग्नें लावीत होता.

कॉफलिनलाहि पत्रें येत होतीं, शेपर्डलाहि येत होतीं. फरक कोठें होता? शेपर्डला लिहिणारा मनुष्य आपलें दुःख सांगे व उत्तराची वाट पाही. कॉफलिनला लिहिणारा मनुष्य बहुतेक शाबासकी व पैसे पाठवी. ज्या मंडळीसमोर तो रविवारीं उभा राही तिच्यांतला एखादा म्हातारा शेतकरी उठून ‘फादर, हें कोठल्या शास्त्रांत आहे?’ असें विचारूं शकला असता. कोट्यवधि अदृश्य श्रोत्यांपैकीं कोणालाहि तें विचारतां येत नव्हतें. आपल्याकडच्या कथेकऱ्याला हुंकार लागतो, तो केवळ आपण झोंपलों नाहीं हें दाखविण्यासाठीं नव्हे. हुंकार थांबला कीं कथेकऱ्याला कळतें कीं आपण वाट चुकलों. मायक्रोफोन हुंकार देत नाहीं.

ही अडचण ज्यांनीं नीट ओळखली अशांची एक लहानशी टोळी दुसऱ्या महायुद्धांत लंडनमध्यें जमली. बी. बी. सी. चे धर्मविभागप्रमुख डॉ. जेम्स वेल्च यांना असें आढळून आलें होतें कीं, सैन्यांत नव्यानें भरती होणाऱ्या कित्येक तरुणांना ईस्टर कशाबद्दल साजरा करतात हें सांगतां येत नाहीं. हीं मुलें नास्तिक नव्हतीं. त्यांना फक्त कोणीं सांगितलेंच नव्हतें, किंवा ज्या भाषेंत सांगितलें ती त्यांच्या कानावरून निघून गेली होती. १९४० मध्यें वेल्च यांनीं डोरोथी सेयर्स या बाईंना पत्र लिहिलें. सेयर्स गुप्तहेरकथांसाठीं प्रसिद्ध होत्या; पण त्यांनीं नाताळावर लिहिलेलें एक रेडिओ-नाटक १९३८ मध्यें गाजलें होतें. येशूच्या चरित्रावर बालश्रोत्यांच्या कार्यक्रमासाठीं नाटकांची एक मालिका लिहावी, अशी वेल्च यांची मागणी होती. बाईंनीं अटी घातल्या: येशू हें पात्र म्हणून प्रत्यक्ष बोलेल, सारीं माणसें खऱ्या माणसांसारखीं बोलतील, आणि लेखनांत ढवळाढवळ होणार नाहीं.

पहिलें भांडण धर्माच्या विरोधकांशीं झालें नाहीं, बालविभागाशीं झालें. पहिलें नाटक हातीं येतांच तेथील साहाय्यक संचालिकेनें कळविलें कीं, कांहीं भाग मुलांच्या आकलनाबाहेरचा आहे, तो सोपा करावा. सेयर्स भडकल्या. मुलांना सारें समजलेंच पाहिजे असें नाहीं, मोठ्या शब्दाचा नाद व गूढता त्यांना आधीं भिडते व अर्थ मागाहून येतो, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि स्वतःच्या कामाविषयीं नाटककाराला सूचना कोणीं द्याव्यात, हाहि प्रश्न होताच. त्यांनीं कराराचे तुकडे करून परत पाठविले. महिनोन्‌महिने काम ठप्प झालें. वेल्च यांनीं नाट्यविभागाचे प्रमुख व्हॅल गिलगुड यांच्याकडे दिग्दर्शन सोंपवून तडजोड घडविली तेव्हां कोठें गाडें पुढें सरकलें. मुलांशीं बोलावयाचें म्हणजे बोबडें बोलावयाचें, अशी समजूत पुष्कळ उपदेशकांची असते. सेयर्स यांचा हट्ट त्या समजुतीच्या विरुद्ध होता, आणि त्या हट्टामागें नुसता तोरा नव्हता.

दुसरें भांडण जाहीर झालें. १० डिसेंबर १९४१ रोजीं पत्रकारांसमोर बाईंनीं नाटकांतले कांहीं संवाद वाचून दाखविले. त्यांत जकात वसूल करणारा मत्तय हा शिष्य लंडनच्या बाजारांतल्या फेरीवाल्याच्या बोलींत बोलतो. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं तेवढेंच उचललें. रविवारचें पावित्र्य राखूं पाहणाऱ्या संस्थांनीं पंतप्रधानांकडे व आर्चबिशपांकडे अर्ज केले. पार्लमेंटांतहि प्रश्न निघाला. त्या काळीं इंग्लंडांत रंगभूमीवर येशूचें सोंग आणण्यास मनाई होती. रेडिओवर चालेल, पण स्टुडिओंत प्रेक्षक बसतां कामा नयेत, असा निवाडा नाट्यपरीक्षकानें दिला. डोळ्यांनीं पाहिलें तर विटंबना, कानांनीं ऐकलें तर नाहीं, असा हा न्याय! बी. बी. सी. नें निरनिराळ्या पंथांच्या धर्ममंडळींकडून संहिता तपासून घेतल्या, किरकोळ फरक केले, आणि २१ डिसेंबर १९४१ रोजीं ‘द मॅन बॉर्न टु बी किंग’ या मालिकेंतलें पहिलें नाटक घरोघर ऐकूं आलें. १९४२ च्या ऑक्टोबरपर्यंत अशीं १२ नाटकें झालीं. मध्यंतरीं फेब्रुवारींत सिंगापूर पडलें, तेव्हां तें या नाटकांमुळेंच पडलें असें लिहिणारेहि निघाले.

नाटकें टिकलीं याचें कारण त्यांतली बोली एवढेंच नव्हे. शेकडों वर्षें रंगीत कांचेच्या खिडकींत उभीं असलेलीं पात्रें तेथून उतरून दिवाणखान्यांत आलीं. पिलात हा चिंताग्रस्त सरकारी अधिकारी झाला, यहूदा हा हुशार पण स्वतःच्या शहाणपणाच्या आहारीं गेलेला कार्यकर्ता झाला. युद्धांतल्या मुलांना अशीं माणसें घरांत व गल्लींत भेटत होतीं.

याच वेल्च यांनीं फेब्रुवारी १९४१ मध्यें दुसरें एक पत्र ऑक्सफर्डला पाठविलें. तें सी. एस. लुइस या साहित्याच्या अध्यापकाला होतें. लुइस तरुणपणीं नास्तिक होते. दुःखाच्या प्रश्नावरील त्यांचें पुस्तक वेल्च यांनीं वाचलें होतें. ६ ऑगस्ट १९४१ च्या बुधवारीं संध्याकाळीं लुइस पहिल्यांदा मायक्रोफोनसमोर बसले. अवघीं १५ मिनिटें. त्यांनीं बायबल उघडलें नाहीं. बसमध्यें जागेवरून भांडणारीं दोन माणसें एकमेकांना ‘हें बरोबर नव्हे’ असें कां म्हणतात, एवढ्यावरून त्यांनीं सुरुवात केली. त्यांच्यापाशीं या बोलण्याची तालीमहि होती. त्याच वर्षीं विमानदलाच्या तळांवर जाऊन ते तरुण वैमानिकांशीं बोलत होते, आणि उद्यां परत येऊं कीं नाहीं हें ज्यांना ठाऊक नाहीं अशा पोरांसमोर विद्वत्तेचा पदर पसरून भागत नाहीं, हें त्यांना कळून चुकलें होतें.

भाषणें चार ठरलीं होतीं. पण पत्रें इतकीं आलीं कीं पांचवें भाषण केवळ श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यासाठीं ठेवावें लागलें. या पांचव्या भाषणाचा इतिहासकारांनीं फारसा गाजावाजा केलेला नाहीं. वास्तविक सगळ्या प्रयोगाचा कणा तेथें आहे. लुइस प्रत्येक पत्राला स्वतः उत्तर देत; हात दुखूं लागले तेव्हां त्यांचे बंधु टंकलेखन करून देत. पुढच्या मालिकेचा मजकूर त्यांनीं आधीं चार निरनिराळ्या पंथांच्या धर्मोपदेशकांना दाखविला, आणि आपल्याला कोण कोठें अडवितो तें पाहून घेतलें. त्यांतले कॅथलिक परीक्षक बीड ग्रिफिथ्स हे लुइस यांचे जुने विद्यार्थी. तेच पुढें १९५५ मध्यें भारतांत आले आणि तामिळनाडूंतील शांतिवनम् आश्रमाशीं त्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें. कॉफलिनला विचारणारें कोणी नव्हतें. लुइसनीं विचारणारे स्वतःहून गोळा केले. १९४४ पर्यंत चाललेलीं हीं भाषणें १९५२ मध्यें एका पुस्तकांत एकत्र झालीं, आणि तें पुस्तक अद्याप छापलें जातें.

श्रोत्याच्या प्रश्नाला असें मानाचें स्थान देण्याची पद्धत मराठी वाचकाला परकी वाटण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांतूनच निघून १५७९ मध्यें गोव्यास आलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स यानें सासष्टींत राहून मराठी आत्मसात केली, आणि १६१६ मध्यें राशोल येथें त्याचें ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें ११ हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाचें निमित्तच एका श्रोत्याची तक्रार हें आहे. आमचीं जुनीं पुराणें आमच्यापासून घेतलींत. आतां आमच्या भाषेंत आम्ही वाचावें असें तुम्हीं काय दिलेंत, अशा आशयाचें त्याचें विचारणें आहे. त्या विचारण्यांत नम्रता आहे, पण खोल कोठें तरी सलहि आहे. पाद्री उत्तर म्हणून पुराण सांगूं लागतो, आणि मध्येंमध्यें तोच श्रोता शंका काढून त्याला अडवितो. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयनें देशी भाषांवर बंदीचा हुकूम काढला, तेव्हां ज्या भाषेंत ही शंका विचारली गेली ती भाषाच नको झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती कीर्तन रंगविलें तें याच जाणिवेनें, कीं श्रोता टाळ्या वाजवील, ध्रुपद उचलील, तर ऐकेल.

युद्धानंतर दूरचित्रवाणी आली. बिशप फुल्टन शीन यांनीं १९५२ पासून फळा-खडू घेऊन अमेरिकेला गुंगवून ठेवलें, आणि बिली ग्रॅहॅम यांच्या सभा पडद्यावरून जगभर गेल्या. त्यानंतरच्या पिढींतल्या पडद्यावरच्या कित्येक उपदेशकांनीं देणगीच्या आवाहनालाच प्रवचन केलें. १९८७ मध्यें जिम बेकर यांचें साम्राज्य कोसळलें व दोन वर्षांनीं फसवणुकीबद्दल त्यांना शिक्षा झाली. ती कथा पैशाची आहे. तिच्यांत नवें कांहीं नाहीं.

इंटरनेटनें नवें एवढेंच आणलें कीं, श्रोत्याला उलट बोलतां येऊं लागलें. १९९५ च्या नाताळांत व्हॅटिकननें आपलें संकेतस्थळ उघडलें. तें चालविणाऱ्या यंत्रांना राफाएल, मायकेल व गॅब्रिएल अशीं देवदूतांचीं नांवें दिलेलीं होतीं. आरंभीं तेथेंहि बोलणें एकाच बाजूचें होतें. २००२ च्या फेब्रुवारींत व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यमविषयक परिषदेनें एक निवेदन काढून या साधनाचें स्वागत केलें, पण त्याच निवेदनांत स्पष्ट बजावलें कीं इंटरनेटवर संस्कार होऊं शकत नाहींत. शब्द व पंगत यांची फाळणी तेथें कागदावर आली.

दोन वर्षांनीं इंग्लंडांत कांहीं मंडळींनीं ती फाळणी ओलांडतां येते का हें करून पाहिलें. ११ मे २००४ रोजीं ‘चर्च ऑफ फूल्स’ नांवाचें एक चर्च उघडलें, तें केवळ संगणकाच्या पडद्यावर. मेथॉडिस्ट चर्चचा त्याला आधार होता, आणि पहिल्या उपासनेंत लंडनच्या बिशपांचें प्रवचन झालें. येणाऱ्यानें एक लहानसें चित्ररूप पात्र निवडावयाचें. तें पात्र बांकावर बसे, गुडघे टेकी, हात उंचावी, शेजाऱ्याशीं लिहून बोले. तळघरांत गप्पांसाठीं वेगळी जागा होती. डिक शेपर्डच्या तळघराची आठवण व्हावी अशी. गर्दी इतकी झाली कीं थोड्यांनाच दृश्य रूप मिळे, बाकीचे अदृश्य भुतांसारखे वावरत. उपद्रवी पोरेंहि आलीं. व्यासपीठावर चढून सैतानाच्या नांवानें आरोळ्या देण्याचा धुमाकूळ त्यांनीं घातला, तेव्हां व्यासपीठ बंद करावें लागलें, आणि व्यवस्थापकांच्या हातीं एक कळ देण्यांत आली. ती दाबली कीं दंगेखोर एका क्षणांत चर्चबाहेर! हा प्रकार हास्यास्पद खरा. परंतु जीं पोरें आरोळ्या द्यायला आलीं तीं आलीं होतीं. दगडी चर्चमध्यें तीं तेवढ्यासाठींहि फिरकलीं नसतीं. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या वडीलधाऱ्यांना वाटलेली भीति ८१ वर्षांनीं शब्दशः खरी झाली होती, आणि तरीहि उपासना मोडली नाहीं. तो प्रयोग कांहीं महिनेच चालला; त्यांतून पुढें दुसरें एक चर्च इंटरनेटवर उभें राहिलें.

मग २०२० चा मार्च आला. भारतांत २५ तारखेपासून टाळेबंदी झाली. वसईच्या पट्ट्यांत मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरांतूनहि मिस्सा पडद्यावर पाहण्याची वेळ आली. वडील माणसांना तो लावून देण्याचें काम बहुधा घरांतल्या पोरांकडे आलें. ज्यांना चर्चकडे वळवावें म्हणून एवढा खटाटोप, तींच चर्चचीं दारवान झालीं. रोममध्यें २७ मार्चच्या संध्याकाळीं पावसांत भिजणाऱ्या, पूर्ण रिकाम्या चौकासमोर पोप फ्रान्सिस एकटे उभे राहिले. इंग्लंडांत तर धर्मगुरूंनींहि चर्चमध्यें पाऊल टाकूं नये असें बिशपांनीं ठरविलें, आणि त्यावरून पुष्कळ धर्मगुरु नाराज झाले. आर्चबिशपांचें स्वयंपाकघर त्यांतूनच पुढें आलें.

आणि तेथें जुना प्रश्न मेजावर येऊन पडला. घरीं बसलेल्या भक्तानें पडद्यासमोर आपल्याच घरची भाकर व आपलाच पेला ठेवला, आणि पलीकडून धर्मगुरूनें प्रार्थना म्हटली, तर तें प्रभुभोजन होतें कीं नाहीं? चर्च ऑफ इंग्लंडनें ‘नाहीं’ असें सांगितलें. कॅथलिकांनीं मनानें स्वीकार करण्याची जुनी रीति पुढें केली. कांहीं प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीं खुशाल ‘होतें’ असें मानलें. त्या जुलैमध्यें इंग्लंडांतलीं चर्चें पुन्हां उपासनेसाठीं उघडलीं तेव्हां आलेल्यांना गाण्याची मनाई होती, आणि द्राक्षारसाचा सामाइक प्याला कोणाच्या ओंठीं लागला नाहीं. मिळाली ती नुसती भाकर. तरीहि लोक आले.

या साऱ्या काळांतला विचित्र योगायोग एका मुलाच्या चरित्रांत आहे. कार्लो अकुटिस १९९१ मध्यें लंडनला जन्मला, मिलानमध्यें वाढला, आणि १२ ऑक्टोबर २००६ रोजीं रक्ताच्या कर्करोगानें १५ व्या वर्षीं वारला. त्याला संगणकाचें वेड होतें. आपल्या पॅरिशसाठीं त्यानें संकेतस्थळ तयार केलें, आणि मग एक मोठें काम हातीं घेतलें: प्रभुभोजनाच्या भाकरीसंबंधीं जगभर ज्या चमत्कारांच्या कथा सांगितल्या जातात त्यांची संकेतस्थळावर यादी करावयाची. म्हणजे जी गोष्ट तारेवरून जात नाहीं असें व्हॅटिकननें बजावलें होतें, नेमकी तीच कोठें आहे हें तो मुलगा तारेवरून सांगत होता. आणि स्वतः रोज सकाळीं किंवा संध्याकाळीं उठून मिस्साला जात होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोप चौदावे लिओ यांनीं त्याला संत म्हणून घोषित केलें. हा समारंभ एप्रिलमध्येंच व्हावयाचा होता, पण पोप फ्रान्सिस यांच्या निधनामुळें लांबला. असिसी गांवच्या एका चर्चमध्यें त्याचा देह कांचेच्या पेटींत ठेवलेला आहे. अंगांत जीनची विजार आहे, पायांत खेळाचे बूट आहेत. तेथें जाणाऱ्यांत शाळाकॉलेजांतलीं मुलें पुष्कळ असतात, आणि तीं पायीं चालत, रांगेंत उभीं राहून पेटीपर्यंत पोंचतात.